छत्रीवालीचा उजवा हात

पेपर संपल्याची घंटा झाली, मुलं ब्रश आणि डब्या घेऊन नळावर पळाली, आणि पेडणेकर सरांनी दोघींनाच वर्गात थांबवून घेतलं. चेतनाला, आणि तिच्या मागच्या बाकावर बसलेल्या दिशाला.

सरांनी दोघींचे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. रंग अजून पुरते वाळले नव्हते. विषय होता ‘पावसातला बसथांबा’, आणि दोन्ही कागदांवर थांब्यापाशी एकच बाई छत्री घेऊन उभी होती. तीच मान, तोच खोचलेला पदर, तेच एका पायावर टाकलेलं वजन. तिच्या शेजारी पिशवीवाला काका, पुढे एक पाठमोरा मुलगा. छपराचा रंग तेवढा निराळा होता, चेतनाचं लाल आणि दिशाचं निळं.

आता पेडणेकर सर काही चित्रकलेचे सर नव्हते. गणिताचे होते. घाटकोपरच्या त्या शाळेत इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचं केंद्र आलं होतं, सुपरव्हिजनला माणसं कमी पडत होती, म्हणून त्यांना धरून बसवलेलं. चित्रकलेच्या माणसाने असे दोन कागद पाहिले असते तर जांभई देऊन गठ्ठ्यात घातले असते. एका क्लासची मुलं एकसारखी बाई काढतात हे त्या धंद्यात कुणाला नवं नसतं. पण गणिताच्या माणसाचं डोकं वेगळं चालतं.

“उत्तर बरोबर असून सारखं आलं, तर मी काही म्हणत नाही,” सर म्हणाले. “बरोबर उत्तर एकच असतं. पण दोन पोरांची चूक सारखी आली, की ती कॉपी. माझे केस ह्यातच पिकले.” त्यांनी छत्रीच्या मुठीवर बोट ठेवलं. “हा बाईचा उजवा हात. नीट बघा. उजव्या दंडाला डावा पंजा लावलाय. तुझ्याकडेही, आणि तुझ्याकडेही.”

तो हात चेतनाच्या चांगला ओळखीचा होता.

विक्रोळीला पार्कसाइटवर, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत देवदत्त सरांचा क्लास होता. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आणि ओल्या रंगावर पीठ बसायचं. फळ्याशेजारी सरांनी आपली ठरलेली माणसं चिकटवून ठेवली होती. छत्रीवाली बाई, पिशवीवाला काका, फुगेवाला, पाठमोरा मुलगा आणि मांडी घालून तांदूळ निवडणारी बाई. एवढी मंडळी पाठ झाली की स्मरणचित्राच्या पेपरला जगातला कुठलाही प्रसंग येऊ दे, अडत नाही, असं सरांचं म्हणणं. बसथांबा आला तर छत्रीवालीला उभी करा. जत्रा आली तर फुगेवाल्याला पुढे आणा. घरातलं दृश्य आलं तर तांदूळ निवडायला बसवा. सर वाईट नव्हते. त्यांच्या क्लासचा निकाल दरवर्षी झकास लागायचा, आणि आईबापांना निकालच हवा असतो. डोकं चालवायचं ते परीक्षा झाल्यावर, असं ते म्हणत, आणि एक परीक्षा झाली की दुसरी यायची.

चेतनाला मात्र डोकं बंद ठेवणं जमत नसे. जुलैत एकदा घरी कपाटाच्या आरशासमोर छत्री धरून उभी राहिली, तेव्हा तिला दिसलं की आपला अंगठा भलत्याच बाजूला येतोय. की छत्रीवालीचा? दुसऱ्या दिवशी ती भर क्लासमध्ये म्हणाली, “सर, हिला दोन्ही हात डावेच आहेत.” सगळे हसले. देवदत्त सर चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “परीक्षक अंगठे बघत बसत नाही. पेपरला डोकं चालवू नकोस, हात चालव.”

आणि आज तिने हातच चालवला होता. इतक्या वेळा काढलेली बाई, हाताला वळण लागलं ते लागलंच. चूक ध्यानात आली तोवर बाईच्या हातावर रंग चढला होता. तिने आपला स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरून फिरवून पाहिला, मनात सरांना एक शिवी दिली आणि पुढे पिशवीवाल्याकडे वळली. परीक्षक अंगठे बघत नाही म्हणे. परीक्षकाच्या आधी हा बघणारा भेटला.

“बोला. ही बाई कुठून आली?” पेडणेकर सरांनी विचारलं.

“मनाने काढली, सर,” दोघी एकदम म्हणाल्या.

“दोघींच्या मनात एकच बाई?”

देवदत्त सरांनी पेपरच्या आदल्या दिवशी सगळ्या बॅचला बजावलं होतं की काही झालं तरी क्लासचं नाव काढायचं नाही. तयार चित्र आहे असं कळलं तर ग्रेड कापतात, आणि एकाची नाही, अख्ख्या बॅचची. सर्वेश, विशाल, प्रियंका सगळे वरच्या मजल्यावर बसले होते, आणि त्यांच्याही कागदावर हीच मंडळी थांब्यावर उभी असणार. खरं बोलावं तर सगळ्यांची वाट लागणार होती. खोटं बोलून दोघींची लागलीच होती.

“केंद्रप्रमुखांकडे हे नेलं तर दोन्ही पेपर रद्द,” सर म्हणाले. “तुमच्या शाळेला कळवतील.”

शाळेचं नाव निघालं तशी दिशाने टेबलाची कड धरली. मागच्या वर्षी सहामाहीला तिच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली होती. विज्ञानाची. बापाला बोलावून घेतलं होतं, आणि पुन्हा असं झालं तर दाखला हातात मिळेल असं मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं. दिशाचे बाबा मालवणकडचे, बोलायला गडगडाट. त्या दिवशी शाळेतून घरी येईपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत, आणि त्यानंतर कित्येक दिवस लेकीच्या ताटाकडेसुद्धा बघितलं नाही. चेतनाला हे सगळं माहीत होतं. एकाच गल्लीत राहत होत्या दोघी.

चेतनाचं स्वतःचंही काही कमी टांगलेलं नव्हतं. तिच्या पप्पांचं, धोंडिरामचं, म्हणणं सरळ होतं. ए ग्रेड आण, दहावीनंतर चित्रकलेला जा, मी आडवा येणार नाही. नाही आली तर आयटीआय, मग रडायचं नाही. चेतनाला ते पटलंही होतं. आपल्याला येतं ह्याविषयी तिला शंका नव्हती. क्लासमध्ये स्वतःचं काही काढू शकणारं एकच माणूस आहे आणि ते आपण, असं ती मनातून धरून चालत असे. आणि दिशा? दिशाला छत्रीवाली दिली की ती मरेपर्यंत छत्रीवालीच काढेल. “दिशा म्हणजे झेरॉक्स मशीन आहे यार,” असं चेतनाच एकदा सर्वेशला म्हणाली होती. ते नाव मग क्लासभर झालं.

पेडणेकर सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. खाली गठ्ठे बांधायचं काम सुरू झालं होतं.

“चेतना पुढे, ही मागे. पुढच्याला मागचं दिसत नाही, मागच्याला पुढचं दिसतं. म्हणजे गोष्ट साधी आहे.” ते चेतनाकडे वळले. “तू फक्त सांग, ही तुझ्या कागदाकडे बघत होती का? हो म्हणालीस तर तुझा कागद गठ्ठ्यात जाईल. तुला आतापुरतं मोकळं करतो.”

चेतनाने तोंड उघडलं आणि तिला ते कुजबुजणं आठवलं. पेपर अर्धा झाला असताना मागून आवाज आला होता, “चेतू, ए चेतू, छप्पर कुठवर घेतलंस?” चेतनाने उत्तर दिलं नव्हतं. पण मग दिशाने काय केलं? मान उंचावली? बघितलं? छत्रीवाली तिला पाठ होती, तिच्यासाठी बघायची गरज नव्हती. पण बाकीचं? काका कुठे, मुलगा कुठे, थांबा कुठे, हे सगळंच कसं जुळलं? सरांनी क्लासमध्ये मांडणी शिकवली होती म्हणून जुळलं असेल. नसेलही. एकदा चिठ्ठी नेणारी पोरगी दुसऱ्यांदा मान उंचावणारच नाही असं थोडंच आहे.

“नाही बघितलं, सर,” चेतना म्हणाली.

पण ते उत्तर यायला उशीर झाला होता. तेवढा उशीर पेडणेकर सरांनी ऐकला. दिशानेही ऐकला. तिने चेतनाकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली.

“एवढा विचार करावा लागला?” सर म्हणाले. ते काही क्रूर माणूस नव्हते. त्यांनी कपाळ चोळलं. मग त्यांनी कपाटातून दोन कोरे कागद काढले. “ठीक आहे. गठ्ठा सील व्हायला अर्धा तास आहे. दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं. पेन्सिलने एक माणूस काढायचं, तुम्ही रोज बघता असं. ही छत्रीवाली नको. जिला काढता येतं तिचा कागद खरा. जिला येत नाही तिने दुसरीचं घेतलं. दिशा, तू तुझ्या जागेवरच बस. चेतना, बाजूच्या वर्गात. मी मधे व्हरांड्यात उभा आहे.”

बाजूच्या वर्गात पंखा बंद होता. ऑक्टोबरची दुपार, मान घामाने चिकट झालेली. चेतनाने बाकावर कागद पसरला आणि पेन्सिल टेकवली, आणि विचार न करता आईची मान कागदावर उतरली.

आई, म्हणजे कमल, घरी साड्यांना फॉल लावायची. खिडकीपाशी पाय पसरून बसायची, साडीची कड गुडघ्यावर घ्यायची आणि सुई चालवताना खालचा ओठ दाताखाली धरायची. चेतनाने तिला इतक्या वेळा काढलं होतं की आईने शेवटी वैतागून म्हटलं होतं, “माझं तोंड सोड आणि ते भांडं उचल.” हात तर चेतनाला आईपेक्षा जास्त माहीत होते. सुई धरणारा उजवा, कड ताणणारा डावा. त्यांत गफलत व्हायची सोय नव्हती. अर्ध्या तासात आई कागदावर येऊन बसली असती, आणि पेडणेकर सरांना काय, आंधळ्यालाही कळलं असतं की ह्या मुलीला येतं.

आणि मग दिशाला येत नाही हेही कळलं असतं.

तिची पेन्सिल थांबली. सरांनी हिशेब किती सरळ मांडला होता! चेतनाचं चित्र जेवढं चांगलं, तेवढी दिशा खोल जाणार. भिंतीपलीकडे दिशा काय करत असेल ते चेतनाला दिसत होतं. पेन्सिल चघळत असेल. कोऱ्या कागदाकडे बघून डोळ्यांत पाणी आलं असेल. आणि शेवटी तिला येतं ते काढेल. छत्रीवाली नको म्हटलंय, रोज बघता असं माणूस म्हटलंय, म्हणजे घरातली बाई. मग तांदूळ निवडणारी. दुसरं ती काय काढणार? तिला दुसरं आहेच काय?

इथे चेतनाच्या मनात एक वाट उघडली. तिनेही तांदूळ निवडणारीच काढली तर? दोन खोल्या, मधे भिंत, दारात सर. आणि तरी दोन्ही कागदांवर एकच बाई, तीच मांडी, तेच सूप. त्या बाईचेही दोन्ही हात डावेच होते, देवदत्त सरांना उजवा हात येतच नव्हता. पेडणेकर सरांना मान्य करावंच लागेल की इथे कुणी कुणाचं बघितलेलं नाही. क्लासचं नाव न काढता दोघी सुटतील.

आणि दिशाने ती काढली नाही तर? ती घाबरून नुसता कागद कोरा ठेवून बसली, किंवा फुगेवाला काढून मोकळी झाली, तर? मग चेतनाच्या हातात सरांना दाखवायला एक पोपटपंचीची बाई उरेल. न येणारी ती ठरेल. ए ग्रेड जाईल, दहावीनंतरचं सगळं जाईल, आणि तेही अशा मुलीसाठी, जिने बघितलं की नाही हेसुद्धा तिला नक्की माहीत नव्हतं.

व्हरांड्यात सरांच्या चपला वाजत होत्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. चेतनाला मघाचा तो उशीर आठवला आणि स्वतःची लाज वाटली. तिने खोडरबर घेतलं आणि आईची मान पुसून टाकली. तिथे तांदूळ निवडणारी बसवली. मांडी, सूप, खाली झुकलेला चेहरा, आणि मुद्दाम, नीट, डोळे उघडे ठेवून, उजव्या दंडाला डावा पंजा. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो हात जाणूनबुजून चुकीचा काढला, आणि तो काढताना तिला जितकं जड गेलं तितकं कुठलंच चित्र काढताना गेलं नव्हतं.

वेळ संपली. सरांनी तिला परत आधीच्या वर्गात आणलं. दिशा आपल्या बाकावर बसली होती, कागद पालथा घालून, त्यावर दोन्ही हात ठेवून. चेतनाने तिच्या नजरेला नजर मिळवायचा प्रयत्न केला. एक खूण हवी होती, होय की नाही. दिशाने वर बघितलंच नाही.

सरांनी आधी चेतनाचा कागद घेतला. चष्मा वर सरकवला, खाली आणला.

“हे तू रोज बघतेस?”

“हो, सर.”

“ह्या बाईलाही उजवा हात नाही.” त्यांनी छत्रीवालीचा कागद शेजारी धरला. “तोच डावा पंजा. म्हणजे चूक तुझीच आहे. तुझ्या हातात बसलेली. मान्य.” मग त्यांचा आवाज खाली आला, आणि चेतनाला कळलं की काहीतरी भयंकर होतंय. “मग मला सांग, तुझी चूक हिच्या कागदावर आली कुठून?”

हे चेतनाच्या लक्षातच आलं नव्हतं. गेली होती दिशाला वाचवायला, आणि तिच्याच हाताने तिने दिशाच्या गळ्यात फास अडकवला होता. आता दिशाच्या कागदावर तांदूळ निवडणारी असली तरच खैर होती. पण दिशाचे हात त्या पालथ्या कागदावरून हलत नव्हते. तिचा चेहरा बघून चेतनाची खात्री पटली की त्या कागदावर तांदूळ निवडणारी नाही.

“चूक माझी नाही, सर,” ती म्हणाली. “आमच्या क्लासच्या सरांची आहे. ती बाई त्यांची आहे. सगळ्या बॅचला तोच हात शिकवलाय. मी त्यांना सांगितलं होतं जुलैत. वरच्या वर्गात सर्वेशचा पेपर बघा, विशालचा बघा, सगळ्यांच्या बाईला दोन डावे हात आहेत.”

दिशाने झटकन वर बघितलं. “चेतू, गप! सगळ्यांची ग्रेड जाईल!”

“जाऊ दे!”

“आता हे सुचलं,” पेडणेकर सर म्हणाले. “मघाशी तर मनाने काढली होती. वरच्या वर्गांचे गठ्ठे सील झाले, ते मला आता उघडता येत नाहीत. हेही तुम्हाला माहीत असणार.” त्यांनी दिशापुढे हात केला. “आण.”

दिशाने कागद दिला. सरांनी तो सुलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. चेतनाने टाचा उंचावून बघितलं.

कागदावर ती स्वतः होती. मागून.

रेघा वेड्यावाकड्या होत्या. एक खांदा दुसऱ्याहून मोठा झाला होता, बाक तिरका गेला होता, आणि चारदा खोडल्याने कागद मळला होता. पण ती चेतनाच होती. खांदे कानांपर्यंत चढलेले. वेणीचा रबर ढिला होऊन सुटलेली एक बट. गणवेशाची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. कानामागे पेन्सिल. डावं कोपर बाहेर काढून पॅड छातीशी तिरकं धरलेलं, कुणी बघू नये म्हणून, चेतनाची लहानपणापासूनची खोड. आणि उजवा हात वर, डोळ्यांसमोर धरलेला, ती स्वतःचाच हात निरखते आहे असा.

“हे काय आहे?” सरांनी विचारलं.

“मला रोज हेच दिसतं, सर,” दिशा म्हणाली. रडून तिचं नाक चोंदलं होतं. “शाळेत पण ती पुढे, क्लासमध्ये पण ती पुढे. तुम्ही म्हणालात रोज बघता ते काढा.”

“आणि हिचा कागद कुठे आहे ह्यात?”

“तो दिसतच नाही. ती कोपर लावते ना. कधीच दिसत नाही.”

पेडणेकर सरांनी चित्र टेबलावर ठेवलं. मग ते दिशाच्या बाकापाशी गेले आणि आपलं मोठं अंग त्या बाकात कसंबसं कोंबून बसले. “चेतना, पुढे बस. पेपरला बसली होतीस तशी. पॅड घे.”

चेतना बसली. पाठीमागे सर डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, बाक करकरला. तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता. तिने हलायचं नाही असं ठरवलं आणि तिच्या लक्षात आलं की कोपर आपोआप बाहेर गेलंय.

“पाठ, वेणी, कोपर,” सर स्वतःशी म्हणाले. त्यांनी चित्र मागवून घेतलं, समोर धरलं, पुन्हा चेतनाकडे बघितलं. “कागद नाही दिसत. उभं राहिल्याशिवाय दिसणार नाही. आणि मी पेपरभर त्या खुर्चीवर समोर बसून होतो, उभं कुणी राहिलेलं नाही.” ते बाकातून सुटून उभे राहिले. पराभवाचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं, गणित सुटल्यावर दिसतं ते समाधान होतं. “हिने बघितलेलं नाही. सिद्ध झालं.”

“आणि क्लासचं, सर?” चेतनाने घाबरत विचारलं.

“क्लासमध्ये काय शिकवतात ते तपासायला मला बसवलेलं नाही. कॉपी झाली की नाही, एवढंच माझं काम.” त्यांनी दोन्ही छत्रीवाल्या उचलून गठ्ठ्यात सरकवल्या. “पण तुमच्या त्या सरांना सांगा, उजवा हात शिका म्हणावं. जा आता. आणि हे नंतरचे कागद तुमचे तुम्ही घेऊन जा.”

जिन्यात कुणी नव्हतं. खाली नळावर पाणी ठिबकत होतं, आणि धुतलेल्या रंगांनी मोरी जांभळी झाली होती. दोघी एक मजला उतरल्या.

“मला वाटलं, तू बघितलंस,” चेतना शेवटी म्हणाली.

“माहितीये.”

“सॉरी, यार. खरंच सॉरी.”

दिशा दोन पायऱ्या उतरून म्हणाली, “झेरॉक्स मशीन हे नाव कुणी ठेवलं ते पण माहितीये मला. सर्वेशने तेव्हाच सांगितलं होतं.”

चेतनाला तोंड कुठे लपवावं ते कळेना. तिची नजर दिशाच्या हातातल्या कागदावर गेली. त्या चित्रातला उजवा हात बरोबर होता. अंगठा जिथे हवा तिथेच होता. दिशाला कुणी तो शिकवला नव्हता, म्हणून तिने तो बघून काढला होता. इतक्या गोंधळात, कुजबुजून छप्पर विचारणाऱ्या, पाठांतर करणाऱ्या ह्या मुलीने तिला हात फिरवून बघताना बघितलं होतं आणि ध्यानात ठेवलं होतं.

“तू तेव्हा हात का बघत होतीस गं?” दिशाने विचारलं. “मला वाटलं, दुखतोय.”

“नाही. असंच.” चेतनाने कागदाकडे हात केला. “ते मला दे ना. माझंच चित्र आहे ते.”

दिशाने कागदाकडे बघितलं. दे म्हटलं की देऊन टाकणारी पोरगी ती. खोडरबर, डब्यातली आंबोळी, ब्रश, चेतनाने मागितलं आणि तिने दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. तिने कागदाची सावकाश गुंडाळी केली, आपल्या वेणीचा रबर काढून गुंडाळीला लावला आणि ती दप्तरात आत, तळाशी सरकवली.

“तुझं नाही,” ती म्हणाली. “माझं आहे.”

आणि ती पुढे चालू लागली. चेतना हातात तांदूळ निवडणारी बाई घेऊन मागे राहिली. गेटपर्यंत दिशा पुढे आणि चेतना मागे, असं आजवर कधी झालं नव्हतं. समोर दिशाची पाठ होती, सुटलेले केस होते, एका खांद्यावर ओढलं गेलेलं दप्तर होतं. हे आपल्याला मनाने काढ म्हटलं असतं तर काढता आलं असतं का, असं चेतनाने स्वतःला विचारलं. आलं नसतं. दिशा कुठल्या खांद्यावर दप्तर घेते, हेसुद्धा तिला आज पहिल्यांदा दिसत होतं.